उकललेलं घर

श्रावणातला शेवटचा सोमवार, सकाळचे दहा. जागा गावच्या शाळेचा व्हरांडा. पूरग्रस्तांसाठी जमा रोख रक्कम दोन हजार आठशे पासष्ट रुपये, वस्तुरूपाने अकरा पत्रे. हजर: सरपंच, तलाठी, हेडमास्तर, सोसायटीचे चेअरमन, दूध डेअरीचे मॅनेजर, मशिदीकडचे एक वयस्कर चाचा आणि मी, सोसायटीचा सेक्रेटरी. एकूण सात. असं मी त्या दिवशी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

ही वही अजून माझ्याकडे आहे. त्यातला हजेरीचा आकडा चुकीचा आहे. आम्ही सात जण सतरंजीवर बसलो होतो तिथून दहा पावलांवर भिलाटीतल्या नऊ बायका तीन चुलींवर भाकरी थापत होत्या. त्यांच्यापलीकडे सहा पुरुष एका मेलेल्या म्हशीला दोर लावून ओढत होते. त्या वासात आम्ही नाकाला रुमाल लावून बोलत होतो. ते सगळे हजरच होते. बसलेले नव्हते म्हणून मी धरले नाहीत.

आमचं गाव प्रवरेच्या काठी, कोल्हारपासून फार लांब नाही. गावठाण उंचावर. उतारावर आमची बौद्ध वस्ती, आणि तिच्याही खाली, जिथे काळी माती संपून वाळू लागते तिथे, भिल्लांची चौदा घरं, ती भिलाटी. मासे धरणं, ऊस तोडणं, दुसऱ्यांच्या मळ्यांची राखण करणं, ही त्यांची कामं. त्यांच्या घरांना खिळा नव्हता. वासे, बांबू, कुडाच्या भिंती, सगळं तारेने आणि सुंभाने बांधलेलं. कारण असं की नदीचं पाणी घाटाच्या तिसऱ्या पायरीला लागलं की भिलाटी स्वतःची घरं उकलायची. उकलायची हा त्यांचाच शब्द. तासा-दीड तासात चौदा घरं सुटी होऊन डोक्यावरून वर शाळेच्या मैदानात यायची, आणि पाणी उतरलं की त्याच खड्ड्यांत परत उभी राहायची. बाकीचं गाव ह्याला हसायचं. मीही.

त्या शुक्रवारी दुपारी पाणी तिसऱ्या पायरीला लागलं. मी दारात उभा होतो. आक्का डोक्यावर दोन पत्रे घेऊन चढ चढत होती. आक्का म्हणजे भिलाटीतली पन्नाशीची बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात मुलगा आणि सून. वस्तीत तिचा शब्द चाले. चौदा घरांत पत्र्याचं घर तिचं एकटीचं. बाकी सगळी गवताची नाहीतर उसाच्या पाचटाची. अकरा पत्रे तिने एकेक करून घेतले होते, मासळी विकून आणि उसाच्या फडात राबून. कोणता पत्रा कोणत्या साली घेतला हे ती सांगू शकायची. एकाला भोक पडलं होतं, त्यावर तिने रस्त्याच्या कामावरून आणलेलं डांबर लावलं होतं.

"भाऊ, म्हातारीला वर न्या," ती थांबून म्हणाली. "पानी येतंय."

"आक्का, दरवर्षीच येतं. पायरीला लागतं आणि जातं."

"औंदा नदी गप हाय. आवाज न्हाई तिला. गप असली की भ्यावं."

"दरवर्षी घर सोडायचं, दरवर्षी बांधायचं. कंटाळा कसा येत नाही तुला?"

"तुमच्या कारभारनीला इचारा की. रोज लुगडं सोडती, रोज नेसती. कटाळा येतो का तिला?"

आत माझी बायको मोठ्याने हसली. मीही हसलो आणि आत गेलो. आईला वर नेलं नाही.

शनिवारी उजाडलं तेव्हा आम्ही पाच जण कौलांवर बसलो होतो. अंगणातला कडुनिंब निम्मा बुडाला होता. मागची भिंत कधी पडली ते कळलंसुद्धा नाही, नुसतं घर एका बाजूने हललं. आजूबाजूच्या छपरांवरही माणसं होती. हाका मारणं सगळ्यांनीच बंद केलं होतं. तेवढ्यात गुऱ्हाळाकडून एक काहील येताना दिसली. गूळ कढवायची मोठी लोखंडी कढई. तिच्यात आक्काचा मुलगा बांबू घेऊन उभा, आणि दोन बाजूंना ट्रॅक्टरच्या ट्यूबा धरून दोघं पोहत होते.

आई बसायला तयार होईना. "मी ह्या कढईत न्हाई बसायची. मी काय गूळ हाय?"

"आज्जे, गूळ असतीस तर आदी चाटली असती," तो म्हणाला. "बस गुमान. हलू नको."

काहिलीच्या त्या दिवशी सोळा फेऱ्या झाल्या. त्रेचाळीस माणसं आणली. मी पोचल्यावर शाळेच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारत होतो म्हणून मला हा आकडा माहीत आहे. तिघं हाती लागली नाहीत. एक म्हातारा-म्हातारीचं जोडपं आणि त्यांची विधवा लेक. रविवारी पाणी थोडं उतरल्यावर भिलाटीच्याच माणसांनी त्यांना बाभळींतून सोडवून आणलं. चेअरमननी खिशात हात घातला तेव्हा आक्काचा मुलगा मागे सरला. "मड्याचं पैसं घेत न्हाई आमी," एवढंच म्हणाला आणि नदीवर हात धुवायला गेला.

शाळेच्या दोन खोल्या, आणि आत शंभरावर माणसं. खोल्या गळत होत्या. आक्काने कोणाला न विचारता आपल्याच घराचे बांबू मैदानात रोवले आणि त्यावर आपले अकरा पत्रे बांधले. म्हातारी माणसं, तापवाले आणि एक बाळंतीण त्याखाली. माझ्या आईला थंडी वाजून ताप भरला होता. ती डांबराच्या ठिपक्याखाली निजली होती. आक्का येता-जाता तिचे तळपाय चोळायची.

तिथलं काम कसं चालायचं हे मला आजही नीट सांगता येत नाही, कारण त्याला कमिटी नव्हती. भिलाटीतल्या बायकांनी वाटून घेतलं होतं, एवढं दिसायचं. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याच्याजवळ त्यांच्यातली एक जण बसलेली असायची. बोलायची नाही. तो जेवेपर्यंत स्वतः जेवायची नाही. त्या गेलेल्या लेकीचा भाऊ दोन दिवस जेवला नाही, तर त्याच्याजवळची बाईही दोन दिवस उपाशी राहिली. तिसऱ्या दिवशी त्यालाच लाज वाटली. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, अर्धा तिच्यापुढे केला.

गावठाणाच्याही खालच्या घरांत पाणी शिरलं होतं. पहिल्या दुपारी तिथल्या काहींनी त्यांच्या हातची भाकरी घेतली नव्हती. दुसऱ्या दुपारी घेतली. आक्का टोपलं पुढे करत म्हणाली, "घ्या पाटील. काल जात आडवी आली हुती. आज पोट उभं ऱ्हायलं वाटतं."

पाटलांनी टोपल्यात हात घातला. दोन भाकऱ्या घेतल्या, मग तिसरी मागितली.

सोमवारच्या त्या बैठकीत रोख रकमेचं काय करायचं हे ठरत होतं. हेडमास्तर म्हणाले, शाळेला कायमची एक शेड पाहिजे, असा प्रसंग पुन्हा आला तर. सगळ्यांना पटलं. तेव्हा मी बोललो. मी म्हणालो की रोख देणाऱ्यांची नावं वहीत लागली, पण ज्यांनी वस्तू दिल्या त्यांची नोंद नाही. उद्या कोणी म्हणायला नको की भिल्लांनी काही दिलं नाही. आक्काचे अकरा पत्रे वस्तुरूपाने लिहून घ्या. मला वाटलं मी तिचा मान राखतोय. मला त्या क्षणी बरंच वाटलं स्वतःबद्दल, हेही लिहायला हवं.

आक्काला अंगठा द्यायला बोलावलं. ती पिठाचे हात पदराला पुसत आली.

"कशाचा आंगठा, भाऊ?"

"तुझ्या पत्र्यांची नोंद करतोय. अकरा पत्रे तुझे म्हणून."

"म्हंजी माजे हाईत असं कागदावर लागलं?"

"लागलं."

"मंग बरं हाय," ती म्हणाली. अंगठा उठवून चुलीकडे गेली. तिला ही पोच वाटली. शाळेतलं पूरग्रस्तांचं बिऱ्हाड उठलं की पत्रे परत न्यायचे, त्याची पोच. तिच्याकडची वस्तू नेताना कोणी कधी लिहून दिलं नव्हतं. लिहून दिलं म्हणजे परत मिळणार, हा तिचा सरळ विचार होता. मी समजावून सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. हेडमास्तरांनी माझ्या वहीवरून ती नोंद शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे मालमत्तेच्या वहीत, माझ्याच हातून उतरवून घेतली. जमा: पत्रे नग अकरा, देणगी.

बुधवारी पंचनामे झाले. तलाठ्यांनी मला बरोबर घेतलं, कारण माझं अक्षर चांगलं आणि मला गाव माहीत. ते विचारायचे, मी लिहायचो. गावठाणातल्या वरच्या आळीत एक भिंत पडलेली दाखवली गेली. ती दोन वर्षांपूर्वीच पडली होती. मी तसं म्हणालो. तलाठी म्हणाले, "पुरात पडली म्हणतायत ना घरवाले? मग त्यांचा जबाब लिहा." मी जबाब म्हणून लिहिलं. जबाब दुसऱ्याचा, खोटं माझं नाही, असं मनाला सांगितलं.

मग आम्ही भिलाटीत उतरलो. तिथे काहीच नव्हतं. गाळ, आणि गाळात खांबांचे खड्डे. पडलेली भिंत नाही, मोडलेला वासा नाही. तलाठी खड्ड्यांमधून एक फेरी मारून आले. "इथे मोजायचं काय?" असं ते स्वतःशीच म्हणाले.

आक्का पदर खोचून पुढे आली. "भाऊ, वाहून गेलं म्हनून लिवा."

"आक्का, पत्रे शाळेवर दिसतायत. अख्ख्या गावाने पाहिलेत."

"पत्रे दिसत्यात. घर दिसतंय का कुठं?"

"उद्या चौकशी झाली तर खोटं लिहिलं म्हणून तूच अडकशील."

"वरल्या आळीला कोन अडाकलं?"

मी पेनचं टोपण काढलं. अडलो की मी जे नेहमी करतो तेच केलं. जे घडलं ते लिहिलं. 'घर पुरापूर्वी स्वतः उकलून नेले. पडझड निरंक.' चौदा घरांपुढे चौदा वेळा. प्रत्येक शब्द खरा होता. तलाठ्यांनी चष्मा काढून कागद पाहिला.

"सेक्रेटरी, एवढं खरं लिहायची गरज होती?"

"मग काय लिहू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं आणि सही केली. मी म्हणालो असतो तर ते कागद बदलायला तयार होते. हे मला तेव्हाही कळलं होतं.

दसऱ्यानंतर मदतीची यादी चावडीवर लागली. माझं नाव होतं, अंशतः पडझड. वरच्या आळीतल्या त्या भिंतीचं नाव होतं. भिलाटीचं एकही नाव नव्हतं. आक्काचा मुलगा वाचायला शिकला होता, तिसरीपर्यंत. त्याने बोट फिरवत यादी दोनदा वाचली.

"आमी घर वाचीवलं ही चूक झाली म्हनायची," तो म्हणाला.

"घर न्हाई रं वाचीवलं," आक्का म्हणाली. "पत्रे वाचीवले. आता तेबी न्हाईत."

कारण तोपर्यंत शाळेची शेड उभी राहिली होती. जमलेल्या पैशांतून लोखंडी पाइप आणले, आणि त्यावर तेच अकरा पत्रे भोकं पाडून हुक-नटाने घट्ट बसवले. तार नाही, सुंभ नाही. उकलता येणार नाही असे. आक्का पत्रे मागायला गेली तेव्हा सुतार शेवटचा नट आवळत होता. ती माझ्याकडे आली. मी हेडमास्तरांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यासमोर धरलं.

"तुम्हीच लिहून दिलंय, सेक्रेटरी. आता शाळेची मालमत्ता झाली. वरून परवानगी आल्याशिवाय एक पत्रा काढला तर वसुली माझ्या पगारातून होईल. माझ्या तीन मुली शिकतायत."

मग मी अर्ज केले. तीन. भाषा नेमकी, संदर्भ बरोबर, सोबत नकला जोडलेल्या. तिसऱ्या अर्जाच्या वेळी आक्काला घेऊन एसटीने तालुक्याला गेलो. कारकुनाने माझा कागद वाचला, मग नोंदीची नक्कल वाचली, मग पंचनाम्याची.

"तिन्ही अक्षरं एकाच हाताची दिसतायत."

"माझ्याच."

"मग तुम्हाला पाहिजे तरी काय? इथे लिहिलंय देणगी दिली. इथे लिहिलंय पडझड नाही. आणि इथे लिहिलंय की बाई बेघर आहे. तुमचं तुम्हीच ठरवा आधी."

अर्ज त्यांनी ठेवून घेतला. उत्तर यायला वेळ लागेल म्हणाले. बाहेर आक्का पायरीवर फडक्यातली भाकरी सोडून बसली होती. अर्धी माझ्यापुढे केली. "खावा भाऊ. तुमी लई पळताय माज्यासाठी." मी ती भाकरी खाल्ली. 

ह्या सगळ्यात एक सरळ गोष्ट होती आणि ती मी केली नाही. मला मिळालेल्या मदतीत कोल्हारच्या बाजारातून अकरा पत्रे आले असते. थोडे पैसे उरलेही असते. मी आधी मागची भिंत बांधली. मनाशी म्हणायचो की परवानगी येईल, तिचे तिला हक्काने मिळतील, दान कशाला. रीतसर व्हावं असं मला वाटत होतं. आईने एकदा विचारलं, "तिच्या पत्र्याखाली मी सतरा दिवस निजले. ती आता कशाखाली निजती?" मी अर्जाची तारीख सांगितली. त्यानंतर तिने मला पुष्कळ दिवस काही विचारलं नाही.

आक्का पाचटाच्या खोपीत निजत होती. कारखाना सुरू झाला तशी भिलाटी ऊसतोडीला पांगली. मुलगा आणि सूनही गेले. तिला चल म्हणत होते, ती गेली नाही. शेजारच्या मळेवाल्याने कुंपणाचे खांब भिलाटीच्या बाजूला दोनदा सरकवले होते. कोणीतरी राहिल्याशिवाय त्या चौदा घरांच्या खड्ड्यांची जागा राहणार नव्हती. "पत्रे आले की खड्ड्यात खांब घालते, मंग येते फडावर," असं तिने मुलाला सांगितलं.

कार्तिकात अवकाळी पाऊस लागला. तीन दिवस झिमझिम, आणि वारा. चौथ्या दिवशी माझी बायको तिला कालवण घेऊन गेली ती धावत परत आली. खोप एका अंगाला बसली होती आणि आक्का ओल्या पाचटात बसून खोकत होती. आम्ही तिला घरी आणलं, आईच्या शेजारी निजवलं. आईने तिचे तळपाय चोळले. ताप उतरेना. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, छाती भरली आहे, उशीर झाला. तीन दिवस ती तिथे होती. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "उत्तर आलं का, भाऊ?" मी म्हणालो, येईल. तिसऱ्या दुपारी ती गेली.

मुलगा फडावरून आला. भिलाटीतली दहा-बारा माणसं हातातलं काम टाकून आली. भिलाटीच्या खालच्या वाळूत सरण रचलं तर पुन्हा पाऊस. लाकडं पेटेनात. वरून काहीतरी धरायला हवं होतं. आक्काचा मुलगा माझ्याकडे पाहून म्हणाला, "दोन पत्रे मिळत्याल का शाळंतनं? लगीच आनून देतो."

मी हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी कपाटातून पाना काढला. स्वतः स्टुलावर चढून पान्याने नट सोडले. दोन पत्रे खाली उतरवले. मग रजिस्टर आणलं. त्यांची नजर माझ्याकडे नव्हती. मी लिहिलं: पत्रे नग दोन, तात्पुरते, परत बोलीवर. खाली सही केली.

चौघांनी ते दोन पत्रे सरणावर आडवे धरले. पाऊस वरून वाजत होता. एका पत्र्याला डांबराचा ठिपका होता. धग लागून डांबर पातळ झालं आणि भोक उघडं पडलं. तिथून पाण्याची एक धार खाली पडत राहिली.

जाळ धरल्यावर मुलाने ते पत्रे नदीत धुतले, डोक्यावर घेतले आणि शाळेत नेऊन दिले. दोन्ही. मी रजिस्टरला परत मिळाले असं लिहिलं. परवानगीचं उत्तर कधी आलंच नाही. माघ संपायच्या आत मळेवाल्याचं कुंपण वाळूपर्यंत पोचलं. आक्काचा मुलगा गावात पुन्हा राहायला आला नाही. शेड आहे. शनिवारी मुलं तिच्याखाली पाढे म्हणतात, आणि एका कोपऱ्यात पावसाळ्यात गळतं.

हिशेब पुरा करतो. पूरग्रस्त मदत म्हणून आक्काला दिलेली रक्कम निरंक. अकरा पत्र्यांपोटी दिलेली रक्कम निरंक. सरणाची लाकडं तिच्या वस्तीने नदीतून वाहून आलेल्या झाडांची तोडून आणली, त्याचे पैसे कोणी घेतले नाहीत. तालुक्याच्या दवाखान्यातून गावापर्यंत टेम्पोभाडं एकशे ऐंशी रुपये. ते मी टेम्पोवाल्याला दिले.